मीटर पेटीत अर्थिंगची वायर घ्यायची कशी: खड्ड्यापासून बोल्टपर्यंत

घराबाहेरच्या भिंतीवरची लोखंडी मीटर पेटी नीट बघा. ज्या भोकातून सर्व्हिस केबल आत गेली आहे त्याच भोकात अर्थिंगची वायरही कोंबलेली दिसेल. आत ती कशाला जोडली आहे हे शोधायला गेलात तर कधी बिजागरीच्या स्क्रूला दोन वेढे मारलेले असतात, कधी रंग न खरवडता बोल्टखाली दाबलेली असते, तर कधी टोक नुसतंच मोकळं लोंबत असतं. अर्थिंगच्या खड्ड्यावर खर्च केलेला असतो, मीठ-कोळसा घातलेला असतो, आणि शेवटच्या वीतभर अंतरात सगळं वाया गेलेलं असतं.

हा लेख त्या शेवटच्या टप्प्याबद्दल आहे. त्याआधीचे टप्पे जेवढे लागतात तेवढेच घेतले आहेत. उदाहरण धरलं आहे ते महाराष्ट्रातल्या गावातल्या किंवा लहान शहरातल्या सिंगल फेज घराचं, बाहेरच्या भिंतीवर लोखंडी पेटी असलेलं. तीन फेज आणि सोसायटीची मीटर खोली यांवर शेवटी थोडं लिहिलं आहे.

## हत्यारं काढण्याआधी एक हिशेब

"खड्डा चांगला आहे, म्हणजे पेटीला करंट आला तर फ्यूज उडेल." हे वाक्य वायरमन सांगतात आणि घरमालक मानतात. आकडे घालून बघू.

मातीचा विशिष्ट रोध (माती विजेला किती अडवते त्याचं माप) १०० ओम-मीटर धरा. ४० मिलिमीटर व्यासाचा, ३ मीटर लांबीचा पाइप तिच्यात उभा पुरला तर एका पाइपाचा रोध साधारण ३० ओम येतो. ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलच्या अर्थिंगचा रोध ५ ओम धरू. आता सर्व्हिस केबलची फेज पेटीच्या पत्र्याला घासली आणि पेटीचं अर्थिंग फक्त या खड्ड्यावर आहे. २३० भागिले ३५, म्हणजे जेमतेम साडेसहा अँपिअर. ३२ अँपिअरचा फ्यूज एवढ्या करंटने गरमसुद्धा होत नाही. आणि पेटीवर किती व्होल्ट उभे राहतात? साडेसहा गुणिले तीस, जवळजवळ २०० व्होल्ट. अर्थिंग केलेलं असूनही.

काळ्या, ओल्या मातीत विशिष्ट रोध २० पर्यंत खाली आला तर खड्डा ६ ओमचा होतो. करंट २१ अँपिअर, पेटीवर सव्वाशे व्होल्ट. तरीही माणूस दगावू शकतो.

आरसीसीबी (करंट जमिनीत गळू लागला की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर? ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी १५० ओमच्या खड्ड्यावरही बिनचूक उडते, कारण तिला फारच थोडा करंट पुरतो. पण आरसीसीबी मीटरच्या पुढे बसते. मीटरच्या अलीकडे, म्हणजे पेटीत शिरणाऱ्या सर्व्हिस केबलवर, तिचं काही चालत नाही. म्हणून मीटर पेटी ही घरातली अशी जागा आहे जिथे खड्डा एकटा पुरत नाही आणि आरसीसीबीही मदतीला येत नाही.

यातून कामाचा क्रम ठरतो. फेज पत्र्याला लागणारच नाही अशी वाट पहिली. पुरवठादाराचं अर्थ टर्मिनल असेल तर त्याच्याशी पक्का जोड दुसरा. स्वतःचा खड्डा तिसरा. बहुतेक ठिकाणी नेमकं उलट होतं: खड्डा आधी आणि थाटात, बाकीचं उरलेल्या वेळात.

पेटी बदलायची संधी असेल तर लोखंडी पेटी घेऊच नका. पॉलिकार्बोनेटची किंवा एसएमसीची (काचतंतू मिसळलेल्या प्लास्टिकची) पेटी घ्या. तिच्या अंगाला करंट येण्याचा प्रश्नच राहत नाही. मीटरचं स्वतःचं आवरण प्लास्टिकचंच असतं, त्यालाही अर्थ लागत नाही. अर्थ लागतो तो पेटीच्या पत्र्याला आणि पुढे घरात जाणाऱ्या तिसऱ्या वायरीला.

## टप्पा १: कोणी काय करायचं ते आधी ठरवा

मीटर पेटीचं सील वीज कंपनीचं असतं. ते तुम्ही किंवा तुमचा वायरमन तोडू शकत नाही. वीज कायदा २००३ मध्ये मीटरशी छेडछाड केल्याबद्दल कलम १३५ आणि १३८ खाली कारवाई होऊ शकते. "मी फक्त अर्थ जोडत होतो" हे तुटलेलं सील हातात असताना पटवणं अवघड जातं.

म्हणून कामाची वाटणी अशी ठेवा. खड्डा, बाहेरची वायर, पेटीच्या बाहेरच्या बोल्टवरचा जोड आणि घराचं वायरिंग तुमच्या परवानाधारक ठेकेदाराकडे. सीलच्या आतलं सगळं लाइनमनसमोर किंवा लाइनमनकडून. महावितरणच्या शाखा कार्यालयात अर्ज द्या किंवा १९१२ वर नोंद करा, आणि दिवस ठरल्यावरच सामान आणा. नवीन जोडणी असेल तर फारच सोपं: मीटर बसायच्या आधी पेटी रिकामी असते, सगळी भोकं आणि बोल्ट तेव्हाच करून घ्या. ठेकेदाराला टेस्ट रिपोर्ट द्यायचाच असतो. अर्थिंगच्या रकान्यात प्रत्यक्ष मोजलेला आकडा लिहिला आहे का, की नेहमीचा "१ ओम" छापून टाकला आहे, ते वाचा.

सावधान: मेन स्विच बंद केला म्हणजे पेटी मेली असं नाही. मेन स्विच मीटरच्या पुढे आहे. मीटरच्या इनकमिंग टर्मिनलवर २३० व्होल्ट तसेच असतात. पुरवठा खांबावरून किंवा कटआउटवरून (मीटरआधीच्या फ्यूजवरून) तोडल्याशिवाय पेटीत हात, पक्कड किंवा ड्रिलचा बिट जाऊ देऊ नका. तोडल्यावरही मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-पत्रा असं दोन्ही मोजा. त्याआधी तोच मल्टिमीटर चालू सॉकेटवर लावून तो नीट दाखवतो याची खात्री करा.

## टप्पा २: वायर निवडणं

आपल्याकडे आठ नंबरची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) वायर सर्रास वापरतात. चार मिलिमीटर जाड, साधारण १३ चौरस मिलिमीटर छेद. हातात घेतली की दणकट वाटते. पण लोखंडाची वाहकता तांब्याच्या सुमारे आठव्या हिश्शाइतकी असते. म्हणजे वीज वाहून नेण्याच्या दृष्टीने ही वायर दीड चौरस मिलिमीटर तांब्याएवढीच आहे. खड्ड्याकडे जाणारा पंधरा-वीस अँपिअर करंट ती नेईल. पुरवठादाराच्या अर्थ टर्मिनलशी जोडली तर मात्र शेकडो अँपिअर वाहू शकतात, आणि तिथे ती चालणार नाही.

म्हणून दोन जोडांना दोन वायरी:

- पेटीचा बोल्ट ते पुरवठादाराचं अर्थ टर्मिनल: हिरव्या-पिवळ्या आवरणाची तांब्याची वायर. मीटरला येणारी फेज तांब्याची १६ चौरस मिलिमीटरपर्यंत असेल तर अर्थही तेवढ्याच छेदाची. त्याहून मोठी, ३५ पर्यंत असेल तर १६. हा आयएस ३०४३ चा, म्हणजे अर्थिंगच्या भारतीय मानकाचा, नियम आहे. सर्व्हिस केबल अॅल्युमिनिअमची असेल तरी तेवढ्याच छेदाचं तांबं घ्या, ते जास्तच पडतं.
- पेटीचा बोल्ट ते खड्डा: २५ × ३ मिलिमीटरची जीआय पट्टी, किंवा आवरण असलेली १६ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर पीव्हीसी पाइपातून. मला तांबं आवडतं, पण उघड्यावरची तांब्याची वायर रात्रीतून गायब होते हे गावात सगळ्यांना माहीत आहे. तिथे पट्टी घ्या.

मातीत उघडी आठ नंबरची वायर पुरू नका. जमिनीच्या पृष्ठभागाशी, जिथे कधी ओल कधी ऊन, ती सगळ्यात आधी गंजून तुटते, आणि वरून बघणाऱ्याला भिंतीवरची वायर चकचकीत दिसत राहते.

अॅल्युमिनिअमची वायर अर्थिंगला जमिनीजवळ कुठेही नको.

## टप्पा ३: खड्डा, थोडक्यात

खड्ड्याबद्दल सगळीकडे लिहिलं जातं, म्हणून इथे चुका तेवढ्या सांगतो.

घराच्या पायापासून किमान दीड मीटर लांब घ्या. पाइप ४० मिलिमीटरचा जीआय, अडीच ते तीन मीटर लांब, उभा. पायाच्या खड्ड्यात किंवा नुकत्याच भरलेल्या मुरमात घेतलात तर माती पाइपाला धरत नाही.

काळ्या मातीवर फार विसंबू नका. पावसात ती उत्तम वाटते, पण उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपापासून सुटते. जुलैत मोजलेला आकडा मे महिन्यात कितीतरी पट होतो. कोकणात जांभा किंवा सड्यावर कातळ लागला तर तीन मीटर जाताच येत नाही. तिथे एकच खोल खड्डा करण्याच्या हट्टापायी ब्रेकर लावण्यापेक्षा दोन-तीन कमी खोलीचे इलेक्ट्रोड घ्या. दोन इलेक्ट्रोडमध्ये त्यांच्या लांबीच्या दुप्पट अंतर ठेवा आणि पट्टीने जोडा. अशा जागी मीठ-कोळशापेक्षा बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती) बरं. मीठ पहिल्या दोन पावसाळ्यांत वाहून जातं आणि जाता जाता जीआयचा मुलामाही खातं.

पाइपाच्या डोक्यावर विटांची छोटी चौकट आणि झाकण हवंच. वायर किंवा पट्टीचा जोड त्या चौकटीत, उघडता येणाऱ्या नटबोल्टने. वेल्डिंग करून माती लोटली की पुढे खड्डा वेगळा करून मोजता येत नाही.

तपासा: झाकण काढून जोड हाताला लागतो का? पाण्याच्या नळाला, बोअरच्या केसिंगला किंवा बीमच्या सळईला अर्थ बांधून "खड्ड्याची गरज नाही" असं कोणी म्हणत असेल तर थांबा. नळ आता बहुतेक प्लास्टिकचे आहेत. आज लोखंडी असलेला तुकडाही उद्या प्लंबर बदलेल, त्याला हे अर्थिंग आहे हे कोण सांगणार?

## टप्पा ४: पेटीत शिरायची वाट

लेखाचा खरा गाभा हा आहे, त्यामुळे इथे सावकाश जाऊ.

पहिला नियम: वायर खालून आत घ्या. वरच्या बाजूला भोक पाडलं की पाणी वायरीच्या अंगावरून थेट मीटरच्या टर्मिनलवर उतरतं. खालून घेतानाही वायर पेटीच्या तळापेक्षा जरा खाली झोल देऊन मग वर वळवा, म्हणजे पाणी झोलाच्या टोकावरून गळून जाईल. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणि गोव्यात आडवा पाऊस येतो, तिथे बाजूच्या भोकालाही वरचं भोकच समजा.

दुसरा नियम: अर्थला स्वतंत्र भोक. सर्व्हिस केबलच्या भोकात अर्थ कोंबली की दोन गोष्टी होतात. ग्लँड (केबलला भोकात घट्ट धरणारा भाग) घट्ट बसत नाही, त्यामुळे केबल हलते आणि पत्र्याच्या धारेवर घासते. शिवाय उघडी जीआय वायर केबलच्या आवरणावर रोज घासत राहते. म्हणजे सुरक्षेसाठी घातलेली वायरच फेजचं आवरण कापते. मघाच्या हिशेबातले २०० व्होल्ट इथूनच येतात.

तिसरा नियम: पट्टी किंवा उघडी वायर पेटीत न्यायचीच नाही. ती बाहेरच्या बोल्टवर संपवायची. आत जायचं ते आवरण असलेल्या तांब्याच्या वायरीने.

आता क्रम.

(क) पेटीला कंपनीने दिलेला अर्थ बोल्ट शोधा. बहुतेक लोखंडी पेट्यांना तळाशी किंवा बाजूला वेल्ड केलेला असतो, अनेकदा रंगाखाली लपलेला. नसेल तर तळाच्या पत्र्यात, मीटर आणि केबलपासून लांबच्या कोपऱ्यात, ८ मिलिमीटरच्या बोल्टचं भोक पाडा. बोल्ट असा लावा की त्याचं एक टोक आत आणि एक बाहेर राहील. बाहेरच्या टोकावर खड्ड्याची पट्टी आणि पुरवठादाराची अर्थ, आतल्या टोकावर घराकडे जाणारी अर्थ. हा एकच बोल्ट सगळ्यांचा. पुढे कधी खड्डा तपासायचा असेल तर बाहेरूनच सोडता येतो, सील उघडावं लागत नाही.

(ख) आतून बाहेर जाणाऱ्या वायरींसाठी नॉकआउट (पत्र्यात आधीच आखून ठेवलेलं, दाबून उघडायचं भोक) असेल तर तेच उघडा. स्क्रूड्रायव्हर हातोड्याने ठोकून भोक पाडू नका. फाटलेल्या पत्र्याच्या कडा वायरीकडेच वळतात. ड्रिलने भोक पाडलं तर गोल कानसीने कड गुळगुळीत करा आणि लोखंडाचा कीस पेटीतून पूर्ण काढा. एखादा बारीक तुकडा टर्मिनलमध्ये पडला तर पुरवठा चालू होताच ठिणगी.

(ग) प्रत्येक भोकाला ग्लँड किंवा रबरी ग्रोमेट (भोकाची कड झाकणारी कडी). अर्थची वायर आहे म्हणून ग्रोमेट वगळू नका. घासून तिचं आवरण गेलं तरी धोका नाही हे खरं, पण हिवाळ्यात त्याच फटीतून पाली आत येतात, आणि पाल दोन टर्मिनलमध्ये आली की काय होतं ते लाइनमनला विचारा.

(घ) सर्व्हिस केबल आर्मर्ड (लोखंडी तारांचं कवच असलेली) असेल तर तिचे आर्मर तारांचे वेढे कापून टाकू नका. आर्मर्ड केबलचं ग्लँड वापरून ते पेटीच्या पत्र्याशी पक्के करा. केबलवर बाहेरून फावडं बसलं तर करंट आर्मरमधून अर्थला जाण्याची वाट तीच आहे.

(ङ) भिंतीवर उघड्या वायरीला पाइप घालायचा तो पीव्हीसीचा. जीआय पाइपच घालायचा असेल तर त्याची दोन्ही टोकं आतल्या अर्थ वायरीशी जोडा. एकटी वायर लोखंडी पाइपातून गेली की मोठ्या करंटच्या वेळी, विशेषतः आकाशातली वीज पडते तेव्हा, पाइप त्या करंटला अडवतो. हे फार कमी वायरमन करतात.

सावधान: छतावर सोलर असेल तर वीजरोधकाची (आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या सळईची) वायर मीटर पेटीत किंवा तिच्या बोल्टवर आणू नका. ती वेगळ्या वाटेने थेट आपल्या खड्ड्यात जाऊ दे. खड्डे एकमेकांना जोडायचे झाले तरी तो जोड जमिनीजवळ, पेटीत नाही.

## टप्पा ५: बोल्टवरचा जोड

रंग हा चांगला विद्युतरोधक आहे. पावडर कोटिंग तर उत्तमच. पेटीला अर्थ आहे असं दिसतं, पण नसतं, ते बहुधा यामुळेच.

1. बोल्टभोवतीचा पत्रा लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची भोकाची पट्टी) बसेल एवढ्या गोलात पॉलिश पेपरने उघडा करा. पांढरं लोखंड दिसलं पाहिजे. आत आणि बाहेर, दोन्हीकडे.
2. वायरीला योग्य मापाचा, टिनचा मुलामा असलेला तांब्याचा लग क्रिम्पिंगच्या हत्याराने दाबा. पकडीने चेपलेला लग दोन उन्हाळे टिकत नाही. टिनचा मुलामा नसेल तर तांबं आणि जीआय एकमेकांना लागून ओलीत गंज धरतात.
3. क्रम असा: पत्रा, दातेरी वॉशर, लग, साधा वॉशर, स्प्रिंग वॉशर, नट, वर आणखी एक नट. दातेरी वॉशर उरलासुरला रंग खातो, स्प्रिंग वॉशर ढिलं होऊ देत नाही. दोन लग एकमेकांवर ठेवायचे असतील तर पाठीला पाठ लावून. तीनपेक्षा जास्त असतील तर छोटी तांब्याची पट्टी लावा आणि प्रत्येकाला आपापला नट द्या.
4. घट्ट केल्यावर जोडावर पेट्रोलियम जेली फासा. आधी फासू नका.
5. पेटीच्या दाराला वेगळी लवचिक वायर, निदान ४ चौरस मिलिमीटर, थोडी ढिली ठेवून. बिजागरीवर भरवसा नको. हाताने उघडलं जातं ते दारच असतं.

जोडताना अर्थ सगळ्यात आधी, काढताना सगळ्यात शेवटी. हा क्रम दुरुस्तीच्या वेळीही मोडायचा नाही.

तपासा: प्रत्येक लग हाताने जोरात ओढून बघा. फिरला तर परत करा.

पेटी प्लास्टिकची असेल तर वरचं खरवडणं, दार वगैरे सगळं गळलं. आत एक पितळी अर्थ टर्मिनल लावा, खड्ड्याची आवरण असलेली वायर ग्लँडमधून त्यावर आणा, आणि तिथूनच घराची अर्थ काढा. पेटी भिंतीला धरणाऱ्या स्क्रूला अर्थ बांधून मोकळं होणारे आहेत. त्याने काहीच साधत नाही.

## टप्पा ६: पेटीतून पुढे, आणि न्यूट्रलचा मोह

पुरवठादाराने ग्राहकाच्या जागेत, पुरवठा सुरू होतो तिथे किंवा जवळ, अर्थ टर्मिनल द्यायचं असतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांतही ते आहे. गावात ते बऱ्याचदा दिसत नाही. लेखी मागा. मिळालं तर बोल्टशी जोडा.

मिळालं नाही म्हणून काही जण स्वतःच पेटीत न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकतात. "शेवटी दोन्ही जमिनीलाच जातात ना" हा युक्तिवाद. तसं करू नका. खांबावरची न्यूट्रल तुटली की सगळ्या घराचा परतीचा करंट अर्थ वायरीवर येतो, आणि फ्रिज, गिझर, पेटी, सगळ्यांच्या अंगावर फेज उभी राहते. न्यूट्रल कुठे अर्थ करायची हे पुरवठादाराचं काम आहे, आणि तो ते आपल्या बाजूला करतो.

याचा एक पुरावा मीटर स्वतः देतो. बहुतेक इलेक्ट्रॉनिक सिंगल फेज मीटरवर "अर्थ" लिहिलेला दिवा असतो. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट जुळला नाही की तो लागतो. मीटरच्या पुढे कुठेही न्यूट्रल आणि अर्थ एकत्र आले असतील तर तो लागू शकतो, आणि तपासणीला आलेल्या माणसाला पहिली शंका चोरीची येते. शेजाऱ्याची न्यूट्रल उसनी घेतली असेल तरीही तो लागतो.

मीटरनंतर पहिलं उपकरण दोन पोलचा स्विच आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. मीटर ते आरसीसीबी अंतर जेवढं कमी तेवढं बरं. अर्थची वायर आरसीसीबीमधून जात नाही, बाहेरून जाते. नवख्या मुलाने चार पोलच्या आरसीसीबीच्या रिकाम्या खाचेत अर्थ घातलेली पाहिली आहे. तसं केलं की आरसीसीबी उडताना अर्थही तुटते.

## टप्पा ७: मोजणी

बल्ब लावून तपासू नका. फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावतात, तो पेटला की "अर्थिंग ओके". त्या बल्बचा रोध पेटल्यावर ५२९ ओम असतो. खड्डा १०० ओमचा असला तरी बल्बला १९० व्होल्टच्या वर मिळतात आणि तो मजेत जळतो. याहून वाईट म्हणजे खड्ड्याकडची वायर तुटलेली असेल तर बल्बमधून फेज घरातल्या सगळ्या अर्थ पिनांवर आणि सगळ्या धातूच्या अंगांवर चढते. मल्टिमीटरने फेज-अर्थ २३० दाखवणं हेही पुरावा नाही. त्याला इतका कमी करंट लागतो की कच्च्या जोडातूनही आकडा पूर्ण येतो.

पुरवठा तोडलेला असताना:

1. सलगता. मल्टिमीटर ओमवर ठेवा, आधी दोन टोकं एकमेकांना लावून वायरींचाच रोध टिपा आणि नंतर वजा करा. पेटीचा बोल्ट ते दार, पेटीचा उघडा पत्रा, खड्ड्यातला क्लँप, घरातल्या प्रत्येक सॉकेटची अर्थ पिन. कुठेही १ ओमपेक्षा जास्त नको. चांगल्या कामात आकडा अर्ध्या ओमच्या आत येतो. एखादाच सॉकेट जास्त दाखवत असेल तर त्या सॉकेटचा स्क्रू ढिला आहे. सगळेच दाखवत असतील तर बोल्टवरचा रंग.
2. इन्सुलेशन. मीटर आणि उपकरणं वेगळी करून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. १ मेगाओमपेक्षा कमी आलं तर पुरवठा घ्यायचा नाही. न्यूट्रल-अर्थ जवळजवळ शून्य आलं तर घरात कुणीतरी दोन्ही जोडले आहेत. डीबीपासून (घरातल्या स्विच-एमसीबींच्या पेटीपासून) शोधायला लागा.
3. खड्ड्याचा रोध. चौकटीतला क्लँप सोडून, खड्डा एकटा करून. अर्थ टेस्टरची लांबची सळई ३० मीटरवर, मधली तिच्या ६२ टक्क्यांवर, म्हणजे साडेअठरा मीटरवर. मग मधली सळई दोन मीटर पुढे, दोन मीटर मागे करून पुन्हा वाचन. तिन्ही जवळपास सारखी आली तरच आकडा खरा. क्लँप न सोडता मोजलं तर इतर वाटांचा रोधही त्यात मिसळतो आणि आकडा फसवा, छान येतो. मोजून झाल्यावर क्लँप परत जोडला का? हे विसरतात. खरंच विसरतात.

किती ओम हवेत याला एक पवित्र आकडा नाही. आरसीसीबी असेल तर घरासाठी २०-३० ओमसुद्धा काम करतो. आरसीसीबी नसेल तर ३ ओमही धड पुरत नाही: १६ अँपिअरची बी प्रकारची एमसीबी (करंट प्रमाणाबाहेर गेला की उडणारा स्विच) झटक्यात उडायला ८० अँपिअर लागतात, आणि २३० भागिले ८० म्हणजे पूर्ण वाटेला मिळून तीनच्या आत ओम. म्हणून ओम कमी करायला तिसरा खड्डा खणण्याआधी आरसीसीबी घ्या. ती खड्ड्यापेक्षा स्वस्त पडते.

पुरवठा चालू केल्यावर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, तिन्ही व्होल्टेज मोजा. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्ट असेल तर ठीक. गिझर लावल्यावर ते दहा-पंधरावर उडी मारत असेल तर न्यूट्रलचा जोड कच्चा आहे, लाइनमनला सांगा.

आरसीसीबीवरचं बटण दाबा. पण एवढं लक्षात ठेवा की ते बटण फक्त आरसीसीबीची यंत्रणा तपासतं. अर्थची वायर मुळात नसली तरी बटणाने ती उडते. अर्थची वाट तपासायची तर सॉकेटमध्ये लावायचा आरसीसीबी टेस्टर लागतो. ठेकेदाराकडे असतो, मागा.

## तीन फेज आणि सोसायटीची मीटर खोली

तीन फेजच्या लोखंडी पेटीला किंवा पॅनेलला दोन वेगवेगळ्या अर्थ लागतात, वेगळ्या बोल्टवर, वेगळ्या वाटेने. एकाच पट्टीचे दोन तुकडे करून दोन बोल्टवर लावणं म्हणजे दोन अर्थ नव्हेत. शेतातल्या पंपाच्या पेटीला हे विशेष लागू, कारण तिथे माणूस ओल्या पायाने स्टार्टरला हात लावतो.

मीटर खोलीत अर्थची बसपट्टी असते. प्रत्येक फ्लॅटची अर्थ तिथून स्वतंत्र निघाली पाहिजे आणि तिच्यावर फ्लॅटचा क्रमांक हवा. एका मीटरच्या बोल्टवरून दुसऱ्याला, दुसऱ्यावरून तिसऱ्याला अशी साखळी केली असेल तर मधल्या एकाचं मीटर बदलताना पुढच्या सगळ्यांची अर्थ सुटते, आणि कुणाला पत्ताही लागत नाही. खोलीच्या लोखंडी दाराला आणि केबल ट्रेलाही त्याच बसपट्टीवरून वायर द्या.

काम झाल्यावर खड्ड्याचा रोध, तारीख आणि महिना पेटीच्या बाहेर, सीलला धक्का न लावता, रंगाने लिहून ठेवा. पुढची मोजणी मे महिन्यात, जमीन सगळ्यात कोरडी असताना.